दोन कुत्री, पन्नास वर्षं: लॅव्हरॅकच्या सेटरचं प्रकरण

मामा दवाखान्यात आले ते कुत्रं न आणता, नुसती वही घेऊन. शाळेची दोनशेपानी वही, वर वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे तेलकट झालेले. लातूरकडचे शेतकरी, वीसेक वर्षांपासून घरी कारवान जातीची शिकारी कुत्री पाळतात. विकायचा धंदा नाही. वर्षा-दीड वर्षात एखादी वीण, दोन पिल्लं घरी, बाकीची सोयऱ्याधायऱ्यांना. वहीच्या पहिल्या पानावर एक नर आणि एक मादी अशी दोनच नावं. पुढची सगळी पानं म्हणजे त्या दोघांची लेकरं, नातवंडं, पतवंडं.

"डॉक्टर, राणी माजावर यायलीय. तिच्या भावालाच लावावं म्हणतो. रक्त घरातल्या घरात राहतंय."

मी विचारलं, "मामा, मामी तुमच्या नात्यातल्या ना?"

"मामाची मुलगी केली की. आमच्याकडं करतेतच."

"मग सख्खी बहीण का नाही करत?"

तोंडातून गेलं खरं. पण मामा रागावले नाहीत. तंबाखूची डबी काढत म्हणाले, "माणसात अन् कुत्र्यात फरक आहे, डॉक्टर."

फरक आहे, पण तो रीतिरिवाजात आहे. रक्ताच्या हिशेबात नाही. त्या दिवशी मामांना मी सेटर ही शिकारी कुत्र्याची जात पाळणाऱ्या, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लॅव्हरॅक नावाच्या एका इंग्रजाची हकिगत सांगितली. बाहेर शेळ्या घेऊन लोक थांबलेले, त्यामुळे निम्मीच सांगून झाली. इथे पूर्ण लिहितो. घरगुती पातळीवर, मोजक्या जनावरांवर शिकारी कुत्र्याची जात सांभाळणाऱ्या माणसाचं इतकं नोंदलेलं आणि इतकं गाजलेलं प्रकरण दुसरं सहसा सापडत नाही.

सेटरचं काम

कारवान नजरेवर पळतो. ससा उठला, दिसला, की कुत्रं आणि ससा यांचा मामला. सेटरचं तसं नाही. तो नाकावर काम करतो, आणि त्याचं खरं कौतुक पळण्यात नसून थांबण्यात आहे. वाऱ्याच्या तोंडाला तोंड करून तो माळावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे लांब फेरे मारत जातो. डोकं वर, कारण वास जमिनीवरचा नव्हे, हवेतला घ्यायचा असतो. झुडपात दबलेल्या पक्ष्यांचा वास लागला की धावता धावता एकदम गोठतो, अंग खाली घेतो, काही तर पोटावरच बसतात. या बसण्यावरूनच सेटर हे नाव पडलं. बंदुका हलक्या आणि भरवशाच्या होण्याआधीच्या काळात माणसं मागून मोठं जाळं ओढत यायची आणि पक्ष्यांवर, कित्येकदा कुत्र्यासकट, पसरायची. म्हणून त्याने उभं न राहता दबून बसणं सोयीचं. आपल्याकडे पारधी पाळलेल्या तितराच्या आवाजावर रानातलं तितर फासात आणायचा. तिथे ते काम कुत्र्याच्या नाकावर सोपवलेलं होतं.

हे नीट डोळ्यांपुढे आणायचं कारण असं की असा कुत्रा निवडणं फार अवघड. वेग घड्याळाने मोजता येतो. पण वास लागल्यावर झेप घ्यायची ऊर्मी दाबून धरणं, मालक दोनशे पावलांवर असताना तसंच थिजून राहणं, हा गुण पिल्लात बघून ओळखता येत नाही. तो दिसायला कुत्रं वर्षा-दीड वर्षाचं व्हावं लागतं, रानात न्यावं लागतं. म्हणजे एकेका जोडीचा निकाल कळायला दोन वर्षं. मग ज्याच्या घरी असा गुण एकदा उतरला, तो माणूस बाहेरचं रक्त आणायला घाबरणारच. लॅव्हरॅकला दोष देण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

माणूस आणि त्याची जोडी

एडवर्ड लॅव्हरॅक इंग्लंडच्या उत्तर टोकाकडचा. तरुणपणी बूट शिवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. मग नात्यातल्या कुणाची तरी मालमत्ता हाती आली आणि उमेदवारी सुटली. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्याने दोनच गोष्टींत घातलं: स्कॉटलंडच्या डोंगरमाळावर ग्राऊस पक्ष्याची शिकार, आणि त्या शिकारीसाठी सेटर.

1825 मध्ये कार्लाइल भागातल्या हॅरिसन नावाच्या एका धर्मगुरूकडून त्याने जोडी घेतली. नर पाँटो, मादी ओल्ड मॉल. हॅरिसनने आपली ओळ 35 वर्षं बाहेरचं रक्त न घालता राखली होती असं सांगितलं जायचं. हे वाक्य बहुतेक लोक कौतुकाने वाचतात. माझ्यासारखा माणूस तिथेच अडकतो. कारण याचा अर्थ, पाँटो आणि ओल्ड मॉल एकमेकांना परके नव्हते. त्यांच्यात आधीच नातं होतं, किती ते मोजलेलं नव्हतं, एवढंच.

1877 मध्ये लॅव्हरॅक वारला. मधल्या पन्नासेक वर्षांत त्याने जगाला सांगितलं ते असं: माझं प्रत्येक कुत्रं या दोघांपासून आणि फक्त या दोघांपासून आलेलं आहे. 1872 मध्ये त्याने सेटरवर पुस्तक काढलं, त्यातल्या वंशावळीही असंच सांगतात. कुठलंही नाव घ्या आणि मागे मागे जा, प्रत्येक फांदी शेवटी पाँटो आणि ओल्ड मॉलपाशी येऊन थांबते.

या सगळ्यात कुत्रीही उत्तम होती, हे मान्य केलं पाहिजे. काळ त्याच्या बाजूने होता. 1859 मध्ये न्यूकॅसल अपॉन टाइन इथे ब्रिटनमधलं पहिलं रीतसर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, त्यात प्रवेशच मुळी दोन जातींना होता: पॉइंटर आणि सेटर. 1865 मध्ये बेडफर्डशरमधल्या साउथहिल इथे मैदानावर कुत्र्याचं काम पाहून गुण देण्याची पहिली परीक्षा झाली. 1873 मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला. म्हणजे म्हातारपणी लॅव्हरॅकच्या हातात जे होतं, त्याला नेमका तेव्हाच बाजार तयार झाला. लांब रेशमी केस, लांबट डोकं, आणि पांढऱ्यावर काळे-निळसर ठिपके. या ठिपक्यांना त्याने नॉर्थम्बरलँडमधल्या बेल्टन गावावरून नाव दिलं. आजही इंग्लिश सेटरचा रंग सांगताना ब्लू बेल्टन, ऑरेंज बेल्टन असंच म्हणतात.

या ठिपक्यांची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेल्टन पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरीशुभ्र असतात. आठवडे जातात तसे ठिपके उमटत जातात, आधी कानाशी, मुस्कटावर, मग पायांवर, जणू कुणी ओला ब्रश झटकावा तसे. म्हणजे विणीच्या दिवशी पिल्लाच्या रंगावर पैज लावू नये. अंगात काय आहे ते उशिरा वर येतं, हे सेटर पाळणाऱ्याला रोज डोळ्यांसमोर दिसतं. तरीही.

हिशेब

आता मामाच्या मुलीकडे परत येऊ.

प्रत्येक गुणासाठी जनावराकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत खराब असली तरी दुसरी सांभाळून घेते, म्हणून खराब प्रत पिढ्यान्पिढ्या लपून राहते. आई-बापांचे पूर्वज एकच असले, तर एका पूर्वजाची तीच प्रत दोन्ही वाटांनी एकाच पिल्लात येऊन बसू शकते. ती शक्यता किती, याचा आकडा काढता येतो. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं, तर मुलांत हा आकडा 6.25 टक्के. सावत्र भावंडांची जोडी लावली तर 12.5. सख्ख्या भाऊ-बहिणीची, किंवा बाप-लेकीची, 25. म्हणजे राणीला तिच्या भावाला लावणं हे मामीच्या लग्नाच्या चौपट.

आणि हे एका पिढीचं झालं. त्याच पद्धतीने दरवेळी सख्खी भावंडं लावत गेलं तर दुसऱ्या पिढीला आकडा 37.5 वर जातो, तिसऱ्याला 50, पाचव्याला 67, दहाव्याला 88 च्या पुढे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या कित्येक ओळी अशाच तयार करतात, वीस पिढ्या भाऊ-बहीण. तिथे शेवटी सगळे उंदीर जवळपास एकाच साच्यातून काढल्यासारखे होतात, पण त्या वाटेवर अनेक ओळी मध्येच संपतात: पिल्लं कमी होत जातात, माद्या गाभण राहत नाहीत, आणि एक दिवस ओळ बंद. जी टिकतात ती नशीबवान. आपण फक्त टिकलेल्यांना भेटतो.

लॅव्हरॅक प्रत्येक वेळी सख्खी भावंडंच लावत होता असं नाही. काका-पुतणी, आजोबा-नात असंही चाललं असणार. उदार हिशेब करू. समजा दर पिढीला त्याच्याकडे विणीच्या कामाची आठ कुत्री होती, चार नर, चार माद्या, आणि कुणाचाही फाजील वापर नाही. चार वर्षांची एक पिढी धरली तर पन्नास वर्षांत बारा पिढ्या. आठ जनावरांत प्रत्येक पिढीला विविधतेचा सोळावा भाग जातो. बारा वेळा सोळावा भाग गेला की मूळच्या विविधतेपैकी निम्म्याहून कमी, सुमारे 46 टक्के उरते. आणि ही 46 टक्के कशाची, तर एका जोडीत जेवढी होती तेवढ्याची. म्हणजे प्रत्येक गुणासाठी फार तर चार प्रती. त्यातही ती जोडी आधीच नात्यातली. प्रत्यक्षात कुणीही चार नर सारखे वापरत नाही. एक नर मैदानात चमकला की सगळ्या माद्या त्याच्याकडे जातात. तेव्हा खरा आकडा याहून वाईट असायला हवा.

कागदावर जे लिहिलंय ते खरं मानलं, तर त्याची कुत्री म्हातारपणी विरायला हवी होती. पण 1870 च्या आसपास त्याच्या घरची काउंटेस ही मादी प्रदर्शनातही आणि मैदानातही नाव काढत होती, आणि जाणकार लोक लॅव्हरॅकच्या कुत्र्यांसाठी भरपूर पैसे मोजायला तयार होते. इथे दोनच शक्यता उरतात. एक, त्याचं नशीब विलक्षण होतं. दोन, कागद पूर्ण खरा नव्हता.

तपकिरी कुत्रा

घोळ उघडा पडला तो एका कुत्र्याच्या रंगामुळे. नाव प्राइड ऑफ द बॉर्डर. लॅव्हरॅकच्याच घरचा, पुढे अमेरिकेला गेला. अडचण एवढीच की तो निळा किंवा नारिंगी बेल्टन नव्हता, कलेजी रंगाचा आणि पांढरा होता. पन्नास वर्षं निळ्या कुत्र्यांचीच ओळ सांगणाऱ्या माणसाच्या घरी कलेजी रंग आला कुठून?

लॅव्हरॅकने रॉथवेल नावाच्या गृहस्थाला पत्रातून कारण कळवलं, आणि ते पत्र नंतर छापलं गेलं. मजकूर थोडक्यात असा की तीसेक वर्षांपूर्वी आपण एकदा रक्त बदललं होतं. कंबरलँडमधल्या एडमंड कॅसलच्या कलेजी-पांढऱ्या सेटरचं रक्त घातलं होतं. तेही आपल्या निळ्यांइतकंच शुद्ध. आणि हा कुत्रा त्या बाजूला गेला आहे. एकच रंग फार काळ चालवत राहण्याची आपल्याला धास्ती वाटत होती, असंही तो त्यात सांगतो.

पुस्तकातल्या वंशावळींत मात्र या रक्ताचा पत्ता नाही. तिथे पाँटो आणि ओल्ड मॉलच.

त्या काळच्या कुत्रेवाल्यांत यावर भरपूर वाद झाला. काहींनी म्हाताऱ्याला खोटारडा ठरवलं, काहींनी विसराळू. मला त्यात आज दोन गोष्टी दिसतात, आणि त्या काहीशा परस्परविरोधी आहेत.

पहिली गोष्ट त्याच्या बाजूची. कलेजी रंग हा दबून राहणारा रंग आहे. काळ्या रंगद्रव्याची एक प्रत असली तरी कुत्रं काळं-निळं दिसतं. कलेजी दिसायला दोन्ही प्रती कलेजीच्या लागतात. तेव्हा नुसत्या एका कलेजी पिल्लावरून बाहेरचं रक्त सिद्ध होत नाही. तो रंग पाँटोच्या किंवा ओल्ड मॉलच्या अंगातही लपलेला असू शकत होता. मेंडेलने वाटाण्यांवरचा निबंध 1866 मध्ये छापला, पण तो लोकांच्या ध्यानात आला 1900 मध्ये. लॅव्हरॅकला हे कुणी सांगायलाच नव्हतं. वंशावळीवर ठाम राहून "येतं कधीकधी असं" म्हणाला असता, तर त्याला खोडणं त्या काळी कुणाला जमलं नसतं. तसं न करता त्याने रक्त बदलल्याचं स्वतःच कबूल केलं. म्हणून ते कबूल करणं मला खरं वाटतं.

दुसरी गोष्ट विरुद्धची. ज्या माणसाने एकदा रक्त बदललं, ते ठरवून, धास्तीपोटी बदललं, आणि तरी वंशावळीत लिहिलं नाही, त्याच्या बाकीच्या वंशावळींवर किती भिस्त ठेवायची? माझं मत सरळ आहे. त्याची कुत्री पन्नास वर्षं टिकली ती बंद दारामुळे नाही. कधीतरी उघडलेल्या खिडकीमुळे टिकली. पण विकायला काढलं ते बंद दार.

यातला खरा तोटा त्याला झाला नाही. तो झाला त्याचं पुस्तक वाचून घरी तसंच करू पाहणाऱ्यांना. दोन कुत्र्यांवर अर्धं शतक निघतं, असा पुरावा छापील स्वरूपात हातात असताना बाहेरचा नर शोधायला कोण कशाला जाईल?

लुएलिनने काय केलं

वेल्समधल्या पेंब्रोकशरचा जमीनदार पर्सेल लुएलिन हा लॅव्हरॅकचा चाहता. पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे. त्याने काउंटेस आणि तिची नेली नावाची बहीण अशी लॅव्हरॅकची निवडक कुत्री घेतली. पण नुसत्या त्या रक्तावर मैदानातल्या परीक्षांत त्याचं समाधान होईना. मग त्याने ड्यूक नावाचा नर आणि स्टॅटर नावाच्या गृहस्थाची ऱ्होबी ही मादी यांच्या वंशातली कुत्री विकत घेतली. ती दिसायला तितकी देखणी नव्हती, त्यांच्यात गॉर्डन सेटरचंही रक्त होतं, पण माळावर त्यांचा दम होता. या दोन ओळी त्याने एकत्र केल्या.

निकाल चटकन दिसला. लॅव्हरॅक रक्ताची पेट्रेल ही मादी ड्यूक-ऱ्होबी रक्ताच्या डॅनकडून गाभण असताना समुद्रापार कॅनडात गेली आणि 1876 मध्ये तिला ग्लॅडस्टन झाला. तीन वर्षांनी त्याच मिश्र रक्तातला काउंट नोबल जन्मला. अमेरिकेत या दोन नरांनी शिकारी सेटरचा अख्खा नकाशा बदलला. काउंट नोबल मेल्यावर त्याचं कातडं भरून पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात मांडलं गेलं, यावरून त्याचा दबदबा कळावा.

त्यावेळी लोक म्हणाले, दोन रक्तं "जुळली". आजचं उत्तर कमी गूढ आहे. आई कितीही घरातल्या घरात विणलेली असो आणि बाप कितीही, ते दोघं एकमेकांना परके असले की त्यांच्या पिल्लांत तो टक्केवारीचा आकडा एका फटक्यात शून्यावर येतो. पन्नास वर्षांचं साचलेलं एका विणीत पुसलं जातं, निदान झाकलं तरी जातं. खराब प्रती कुठे जात नाहीत, पण प्रत्येकीच्या शेजारी आता एक वेगळी प्रत उभी असते. त्याशिवाय लॅव्हरॅकने पन्नास वर्षं निवड केली होती ती वाया गेली नव्हती. नाक आणि थिजण्याचा गुण घट्ट बसलेला होता. त्याला फक्त श्वास हवा होता.

आणि मग माणसांनी काय केलं? अमेरिकेत लुएलिनच्या नावाची वेगळी शाखाच मानली गेली. फील्ड डॉग स्टड बुक या नोंदवहीत आजही लुएलिन सेटर वेगळा नोंदवला जातो, आणि त्यासाठी सगळे पूर्वज त्याच मूळच्या ओळीतले असावे लागतात. ज्या माणसाचं नाव रक्त बदलण्यामुळे झालं, त्याच्याच नावाभोवती कुंपण! मला हसू येतं, पण मामांची वही आठवली की आवरतं घेतो.

आज कुठे आलंय

लॅव्हरॅक जिवंत असताना स्थापन झालेल्या केनेल क्लबने 2009 पासून सख्ख्या भावंडांच्या किंवा आई-मुलगा, बाप-लेक अशा जोडीच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. थोडक्यात, त्याच्या गाजलेल्या वंशावळीतल्या अशा जोड्या आज त्याच संस्थेत नाकारल्या गेल्या असत्या. मधल्या काळात इंग्लिश सेटर दोन फांद्यांत गेला: प्रदर्शनाचा, लांब केसांचा, लॅव्हरॅकच्या घाटणीचा, आणि कामाचा, आटोपशीर, लुएलिनच्या वळणाचा. दोन्हींच्या जोड्या सहसा एकमेकांशी लावल्या जात नाहीत, म्हणजे आधीच लहान असलेलं तळं बांध घालून आणखी लहान केलं. ब्रिटनमध्ये ही जात एका वर्षात 300 पेक्षा कमी पिल्लं नोंदली जाणाऱ्या देशी जातींच्या यादीतही येऊन गेली आहे.

एक आजार नमुन्यादाखल. पांढऱ्या रंगाचं प्रमाण जास्त असलेल्या जातींत जन्मतः बहिरेपण आढळतं, इंग्लिश सेटरमध्येही. यातलं फसवं प्रकरण म्हणजे एका कानाने बहिरं पिल्लू. घरात काही कळत नाही. थाळी वाजली की तेही धावतं. पाच आठवड्यांनंतर डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून, कानात टकटक आवाज सोडून मेंदूकडे जाणारा प्रतिसाद मोजावा लागतो, तेव्हा एका बाजूची रेघ सपाट दिसते. लॅव्हरॅककडे हे यंत्र नव्हतं. त्याच्याकडे शिट्टी होती. शिट्टीला न येणारा कुत्रा हट्टी की बहिरा, हे त्याने कसं ठरवलं असेल?

कारवानवाल्यांसाठी यातलं लागू काय, ते मामांना त्या दिवशी जेवढं सांगितलं तेवढंच इथे सांगतो. घरात दोन-तीन माद्या असतील तर नर घरात ठेवूच नये; परजिल्ह्यातला, ज्याच्या तीन पिढ्यांत आपलं नाव नाही असा शोधावा. सोलापूर, सांगलीकडचा जत भाग, सीमेपलीकडे मुधोळ, सगळं एका दिवसाच्या गाडीच्या अंतरावर आहे. गाजलेल्या नराकडे अख्ख्या तालुक्याने रांग लावू नये, नाहीतर चार वर्षांनी तालुक्यातली सगळी पिल्लं सावत्र भावंडं. पिल्लं किती झाली, किती मेली, कोणती मादी फिरली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, हे वहीत लिहावं. वीण आठाची सहावर, सहाची चारवर यायला लागली तर ती वहीच आधी सांगते, डॉक्टरच्या आधी. आणि "रक्त बाहेर जायला नको" याची काळजी करू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे आता सशामागे कुत्रं सोडायची सोय राहिलेली नाही; आता या कुत्र्याचा उपयोग राखणीला आणि हौसेला. जी जात कामावर तपासली जात नाही, तिथे निवडीची चाळणी आधीच ढिली झालेली असते, मग घरातल्या घरात लावण्याचा धोका अधिकच.

मामांनी ऐकून घेतलं. वादही घातला. त्यांचा मुद्दा वाजवी होता: बाहेरचा नर आणला आणि पिल्लं मुस्कटाला आखूड, कानाला जड निघाली तर? वीस वर्षांची मेहनत गेली ना? मी म्हटलं, गेली नाही. पहिली वीण जरा उन्नीस-बीस निघेल. त्यातलं उत्तम पिल्लू तुमच्याच ओळीतल्या, पण लांबच्या नात्यातल्या जनावराला लावा, घाट परत येईल. लॅव्हरॅकनेही बहुधा असंच केलं असणार.

राणीला अखेर जतकडच्या एका नराकडे नेलं. टेम्पो करून, सोबत पुतण्या आणि डबा. त्रेसष्टाव्या दिवसाच्या आसपास यायचं तर साठाव्यालाच व्याली, रात्री दीडला. सहा पिल्लं, सहाही जगली. एकाच्या छातीवर पांढरा पट्टा आला, तो मामांना अजून खुपतो.

लसीकरणाला पिल्लं घेऊन आले तेव्हा मी वही मागितली. राणीच्या विणीचं पान काढलं होतं, तारीख होती, पिल्लांची संख्या होती, आईचं नाव होतं. बापाच्या नावाची जागा कोरी.

"मामा, हे?"

"लिवायचंच का ते? आपलंच रक्त आहे की जास्तीचं."

मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, थुंकी लावली आणि जतच्या कुत्र्याचं नाव बारीक अक्षरात लिहिलं.

"पेनानं लिहा ना."

"थांबा की. आधी पिल्लं कशी निघतेत बघू."